रिमोटचं व्हायब्रेशन चालू की बंद: आमच्या पार्लरमधल्या रेसिंग स्पर्धेचं प्रकरण

व्हायब्रेशनमुळे गेम खरंच चांगला खेळता येतो का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. आधी मी सरळ सांगायचो की काही फरक पडत नाही, मजेसाठी असतं ते, नको असेल तर बंद कर. गेल्या मे महिन्यात हे माझं उत्तर किती अर्धवट होतं ते कळलं, आणि ते कळेपर्यंत एका पोराचं नुकसान होऊन गेलं होतं. म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. नावं सगळी बदललीत, बाकी घडलं तसंच आहे.

पार्श्वभूमी

विक्रोळी-भांडुपच्या पट्ट्यात एका बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात माझं गेमिंग पार्लर आहे. सहा पीएस फोर (सोनीचं प्लेस्टेशन ४), सहा टीव्ही, एक एसी जो मे महिन्यात हार मानतो. वर लोकं राहतात त्यामुळे आवाजावरून कटकट नको म्हणून मी पहिल्यापासून टीव्हीचे स्पीकर बंद ठेवलेत, प्रत्येकाला हेडफोन. पोरं कंट्रोलरला रिमोटच म्हणतात त्यामुळे मी पण इथे रिमोटच लिहितो.

माझ्याकडे चार रिमोट ओरिजिनल आहेत आणि बाकीचे लॅमिंग्टन रोडवरून आणलेले फर्स्ट कॉपी. दिसायला सेम, हातात घेतलं की वजनात थोडा फरक लागतो. या रिमोटच्या दोन्ही मुठीत एकेक मोटर असते आणि मोटरच्या दांड्याला अर्धचंद्रासारखं धातूचं वजन असतं, एका बाजूला जड. ते गरगर फिरलं की तोल जातो आणि रिमोट थरथरतो, एवढीच भानगड. डावीकडचं वजन मोठं, त्याची थरथर जाड आणि घुमल्यासारखी. उजवीकडचं छोटं, त्याची बारीक आणि वेगवान. १९९७ साली सोनीने जपानमध्ये पहिला ड्युअलशॉक हा रिमोट आणला तेव्हापासून दोन मोटरचा हाच हिशोब पीएस फोरपर्यंत चालत आलाय. पीएस फाइव्हमध्ये तो बदलला, तिथे फिरणारं वजन नाही, स्पीकरसारखी कॉइल पुढेमागे हलते.

साहिल १७ वर्षांचा, बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, कानामागे लावायची मशीन वापरतो. बोलतो छान, समोरच्याचे ओठ बघून बरंचसं समजून घेतो. तीन वर्षांपासून माझ्याकडे येतो आणि कार रेसिंगमध्ये आमच्याकडच्या पहिल्या चार-पाच जणांत तो नेहमी असतोच. एक गोष्ट मला माहिती होती पण तिचा अर्थ मी कधी लावला नव्हता. हेडफोन घातला की कानाच्या मशीनमधून शिट्टी वाजते, त्यामुळे तो खेळायला बसताना मशीन काढून छोट्या डबीत ठेवतो आणि डबी खिशात. हेडफोन पण घालत नाही मग. म्हणजे तो पूर्ण गेम जवळजवळ आवाजाशिवाय खेळतो.

अडचण कशी उभी राहिली

मे च्या सुट्टीत रेसिंगची स्पर्धा ठेवली. २४ एंट्री आल्या. नियम असा की शनिवारी क्वालिफाइंग, प्रत्येकाला तीन लॅप, त्यातला सगळ्यात चांगला धरायचा, पहिले आठ पुढे. मोठ्या पोरांच्या आग्रहामुळे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागेवर गरगरू न देणारी सोय) दोन्ही बंद ठेवायचं ठरलं, नाहीतर गाडी आपोआप चालते असं त्यांचं म्हणणं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी रोहन, स्पर्धेतलाच एक पोरगा, तक्रार घेऊन आला. दादा, एक नंबरच्या सेटअपला व्हायब्रेशन मस्त येतं, चार नंबरला येतच नाही, सहाला नुसती घरघर, मग हे फेअर कसं काय. मुद्दा बरोबर होता त्याचा. त्यात दोन रिमोटची बॅटरी मॅच चालू असताना बसायची आणि मोटर फिरल्या की बॅटरी जास्त खाते हे तर उघडच आहे. मी जास्त डोकं लावलं नाही. सहाच्या सहा मशीनवर सिस्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हायब्रेशन बंद करून टाकलं आणि अक्षयला (माझ्याकडे काम करतो) सांगितलं की सगळ्यांना सारखं, विषय संपला.

हा पहिला निर्णय आणि तो मी पाच मिनिटांत घेतला, कोणालाही न विचारता, आणि खेळणाऱ्यांपैकी कोणाला सांगितलं पण नाही कारण मला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नाही.

शनिवारी साहिलचा नंबर तीन नंबरच्या सेटअपवर आला. मी मागे उभा होतो. पहिल्या लॅपला हेअरपिनच्या म्हणजे एकदम उलट फिरणाऱ्या वळणाच्या आधी त्याने ब्रेक दाबला, पुढची चाकं लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरायला लागली, आणि गाडी सरळ खडीत. त्याने मान खाली घालून रिमोटकडे बघितलं. पॉज केलं, गेमच्या ऑप्शनमध्ये गेला, व्हायब्रेशनची पट्टी फुल दिसत होती. ती शून्य केली, परत फुल केली, परत खेळायला लागला. दुसऱ्या लॅपलाही तीच गोष्ट, त्याच वळणावर. तिसरा लॅप त्याने इतका जपून चालवला की वेळ फारच हळू आली. नंबर लागला तेरावा. रिमोट ठेवला, डबी काढली, मशीन कानाला लावली आणि 'थँक्यू दादा' म्हणून गेला. पट्टी फुल असून रिमोट का थरथरत नाही हे त्याला कळणं शक्यच नव्हतं, कारण बंद मी वरून सिस्टीममधून केलं होतं आणि तिथे बंद असलं की गेममध्ये काहीही करा, उपयोग नाही. हे सगळं माझ्या डोळ्यासमोर झालं आणि तेव्हा माझ्या डोक्यात काही पेटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

रविवारी संध्याकाळी त्याची आई आली. भांडायला नाही, विचारायला. म्हणाली, "दादा, तो हरला त्याचं काही नाही हो, पण रात्री जेवला नाही. सारखं म्हणतोय रिमोट मेला होता, मला रस्ता लागतच नव्हता. तुम्ही दुसरा रिमोट का नाही दिलात त्याला?"

रस्ता लागत नव्हता. हे वाक्य ऐकल्यावर मी पहिल्यांदा नीट विचार करायला लागलो.

कोणते पर्याय समोर होते

त्या रात्री मी, अक्षय आणि प्रसाददादा बसलो. प्रसाददादा बँकेत आहेत, चाळिशीचे, जुने प्लेअर, स्पर्धेत टायमिंग तेच बघतात.

त्यांचं पहिलं मत होतं की आहे ते राहू दे. निकाल लागलाय, नियम सगळ्यांना सारखा होता, आता बदललं तर आठ जण उठून बसतील. शिवाय त्यांनी जुनी गोष्ट काढली की २००६ साली पीएस थ्री आला तेव्हा त्याच्या रिमोटला व्हायब्रेशन नव्हतंच. इमर्शन नावाच्या कंपनीबरोबर सोनीची या तंत्रज्ञानाच्या पेटंटवरून कोर्टबाजी चालू होती, ती २००७ मध्ये मिटली आणि मग ड्युअलशॉक ३ आला. तेवढा काळ लोकं बिनाव्हायब्रेशनची खेळलीच ना, रेसिंगसुद्धा खेळली.

दुसरा पर्याय सगळ्यांना चालू करायचा. पण मग रोहनची तक्रार परत जिवंत होते, कारण रिमोट सारखे नाहीत. तिसरा, फक्त साहिलला चालू. अक्षयला हा सगळ्यात सोपा वाटत होता. मला तो आवडला नाही, कारण उद्या साहिल जिंकला असता तर लोकं म्हणाली असती त्याला स्पेशल दिलं होतं, आणि ते त्या पोराला जन्मभर चिकटलं असतं. चौथा, ज्याला पाहिजे त्याने चालू करावं, नको त्याने बंद, पण सगळ्यांनी त्याच दोन तपासलेल्या सेटअपवर खेळायचं.

मला चौथा बरा वाटत होता. पण प्रसाददादांनी एकदम मुद्द्याचं विचारलं, की मुळात व्हायब्रेशनने टायमिंग बदलतं का? बदलत नसेल तर साहिलचं ते फक्त मनाचं आहे आणि बदलत असेल तर मग 'पाहिजे त्याने चालू' हे पण बरोबर नाही, सगळ्यांना लावायला सांगायला पाहिजे. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून ठरवलं की आधी बघू.

काय केलं

सोमवारी दुपारी रिमोट उघडले. मागचे चार स्क्रू काढायचे, कडेला नखाने नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीने दाबत दोन भाग वेगळे करायचे, मधली रिबन सांभाळायची, बॅटरी बाजूला केली की दोन्ही मुठीत मोटर दिसतात. आमच्याकडची हवा आणि पोरांच्या हाताचा घाम, त्यामुळे वायरच्या सोल्डरिंगच्या टाक्यांवर हिरवट बुरशीसारखं साचलेलं. चार नंबरच्या दोन्ही वायरी सुटलेल्या. खरी गोष्ट सहा नंबरमध्ये सापडली. त्याची डावी मोठी मोटर चालू होती आणि उजवी छोटी मेलेली. म्हणजे भिंतीला धडकलं की रिमोट जोरात घरघरतो, कोणालाही वाटेल व्हायब्रेशन चालू आहे. पण आमच्या या गेममध्ये टायर घसरायला लागला की जी बारीक थरथर येते ती छोट्या मोटरमधून येते आणि ती या रिमोटवर येतच नव्हती. अर्धा मेलेला रिमोट पूर्ण मेलेल्यापेक्षा जास्त फसवतो हे मी त्या दिवशी शिकलो. टाके परत मारून तीन रिमोट सरळ झाले, एक गेला तो गेलाच.

मग मंगळवार-बुधवार रोज दुपारी, गर्दी नसताना, सात-आठ जणांना बसवलं. एकदा चालू, एकदा बंद, क्रम उलटसुलट करून, कारण दुसऱ्यांदा खेळताना हात आपोआप बसलेला असतो आणि ते श्रेय व्हायब्रेशनला जायला नको. हा काही शास्त्रीय अभ्यास नाही, आमच्या आमच्यात केलेली चाचणी आहे, त्यामुळे तेवढंच वजन द्यावं.

बहुतेकांना फरकच पडला नाही. गंमत अशी की चालू असताना आपण फास्ट गेलो असं जवळजवळ प्रत्येकाला वाटलं, घड्याळ मात्र काहीच सांगत नव्हतं. रोहनचा तर बंद असतानाचा लॅप किंचित चांगला होता आणि त्याला ते पटेना. प्रसाददादा खुश, म्हणाले बघ, मी सांगत होतो.

तिथे थांबलो असतो तर निर्णय चुकलाच असता. अक्षयच्या तोंडून सहज निघालं की पण दादा, साहिल तर हेडफोनच घालत नाही. मी प्रसाददादांना म्हटलं, तुम्ही आता हेडफोन काढून खेळा. आधी व्हायब्रेशन बंद ठेवून. पहिल्याच लॅपला त्यांची गाडी हेअरपिनला सरळ गेली, अगदी साहिलची गेली होती तशी. दुसऱ्यांदा पण. मग व्हायब्रेशन चालू केलं, आवाज तसाच बंद. तीन-चार लॅप त्यांना हात बसवायला लागले आणि मग ब्रेक लॉक व्हायचे थांबले. ते रिमोट मांडीवर ठेवून थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, मी इतकी वर्षं टायरच्या आवाजावर ब्रेक मारतोय आणि मला माहितीच नव्हतं.

सगळा उलगडा इथे झाला. चाकं लॉक होतायत हे पडद्यावर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो, गाडी ऑलरेडी सरळ चाललेली असते. त्याच्या आधी दोन खुणा मिळतात, टायरची किंकाळी आणि हातातली बारीक थरथर. ज्याला किंकाळी ऐकू येते त्याला थरथर म्हणजे तीच बातमी दुसऱ्यांदा, म्हणून चालू-बंद केलं तरी घड्याळात काही दिसत नाही. ज्याला किंकाळी नाही त्याच्याकडे एकच खूण आणि ती मी बंद केली होती. आपल्या त्वचेत पॅसिनियन कॉर्पसल नावाच्या ज्या मज्जातंतूंच्या टोकांच्या बारीक गाठी असतात त्यांना सेकंदाला साधारण २०० ते ३०० वेळा होणारी थरथर सगळ्यात चांगली कळते, म्हणजे शरीरात त्याची सोय आहेच, आपण डोळे-कान वापरत असलो की तिकडे लक्ष जात नाही एवढंच.

मग आम्ही एबीएस चालू करून पण बघितलं. तेव्हा साहिलला व्हायब्रेशन असो-नसो सारखंच, कारण लॉक होऊच देत नाही गाडी. म्हणजे एबीएस बंद आणि व्हायब्रेशन पण बंद, हे दोन नियम एकत्र आल्यामुळे त्याचा घात झाला. एकेकटा नियम कोणालाच विशेष जड गेला नसता.

जाता जाता बाकी गेमचं पण सांगतो, कारण तो प्रश्न येणारच. शूटिंगमध्ये आमची चांगली पोरं व्हायब्रेशन बंदच ठेवतात आणि बरोबर करतात. गोळी सुटली की रिमोट हलतो आणि अंगठा नेम धरायच्या काडीवर (जॉयस्टिकवर) असतो, नेम हलतो. आपण गोळी मारली हे आपल्याला माहितीच असतं, ते हाताला परत सांगून काय मिळणार. फुटबॉलमध्ये बॉल पोलला लागला की थरथरतं, तोपर्यंत बॉल लागून झालेला असतो. मजा आहे, मदत नाही.

गुरुवारी सगळ्या २४ जणांना बोलावलं, जेवढे आले त्यांच्यासमोर मी सांगितलं की चूक माझी आहे, व्हायब्रेशन मी न सांगता बंद केलं होतं. क्वालिफाइंग शनिवारी परत होईल, फक्त एक आणि दोन नंबरवर, दोन्ही रिमोट सगळ्यांसमोर तपासलेले आणि वायर लावून म्हणजे बॅटरीचा प्रश्न नाही. व्हायब्रेशन ज्याच्या त्याच्या मर्जीवर. साहिलचं नाव मी घेतलं नाही. आधीच्या आठातले दोघं चिडले, त्यातला एक म्हणाला, आमचा लॅप लागलाय तो का जाईल. त्याचं चुकत नव्हतं. शेवटी आधीच्या आठांना जुना किंवा नवा, जो चांगला असेल तो लॅप धरायची मुभा दिली. हे पूर्ण सरळ नव्हतं, त्यांना एक जास्तीची संधी मिळाली, पण त्याशिवाय ते तयार होत नव्हते.

एका वडिलांनी वेगळाच मुद्दा काढला. पोरगं आठवडाभर रोज पाच-सहा तास सराव करतंय, या थरथरण्याने हाताला काही होत नाही ना? मी होत नाही असं ठोकून दिलं नाही. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका १५ वर्षांच्या मुलाची नोंद आली होती, तो दिवसाला सात-सात तास व्हायब्रेशन चालू ठेवून खेळायचा, थंडीत त्याचे हात पांढरे पडायचे आणि नंतर लाल होऊन दुखायचे. ड्रिलसारखी थरथरती मशीन धरणाऱ्या कामगारांना होतं तसलं दुखणं. एका मुलाची नोंद आहे, त्यावरून घाबरायचं कारण नाही, पण तेव्हापासून माझ्याकडे सलग दीड तासाच्या वर कोणाला बसू देत नाही आणि बोटांना मुंग्या आल्या तर रिमोट खाली, हा नियम लावलाय.

काय झालं

दुसऱ्या क्वालिफाइंगला साहिल पाचवा आला. रविवारी पहिली फेरी जिंकला आणि सेमीफायनलला रोहनकडून हरला, शेवटच्या लॅपला, स्वच्छ. रोहनने व्हायब्रेशन बंद ठेवलं होतं, साहिलने चालू. साहिलमुळे जो आठातून बाहेर गेला त्याला मी एंट्री फी परत दिली, तो तरी दोन आठवडे फिरकला नाही. आता येतो.

परत करायचं झालं तर

व्हायब्रेशन बंद करायच्या आधी एक मेसेज ग्रुपवर टाकायचा होता, बस. साहिलने दोन मिनिटांत लिहिलं असतं की मला लागतं. मी 'सगळ्यांना सारखं' म्हणजे सगळ्यांची सेटिंग सारखी असं धरलं, आणि ती सेटिंग कोणाकडून काय काढून घेते ते बघितलंच नाही.

दुसरं, पहिल्या लॅपनंतर तो ऑप्शनमध्ये जाऊन पट्टी खालीवर करत होता तेव्हाच खांद्यावर हात ठेवून विचारायला पाहिजे होतं, काय झालं रे. तो क्षण खरा होता. तिथे थांबवलं असतं तर पुढचं अर्धं प्रकरण झालंच नसतं.

तिसरं मला सगळ्यात जास्त टोचतं. रविवारी रात्री आम्ही तिघं त्याच्याबद्दल दोन तास बोललो आणि तो तिथे नव्हता. मंगळवारी चाचणीला आला तेव्हा मी त्याला आमचा मोठा शोध समजावून सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "हो दादा, उजवा हात सांगतो ब्रेक सोड म्हणून. डावा फक्त धडकल्यावर बोलतो." दोन दिवस स्क्रू काढून मला जे सापडलं ते त्याला तीन वर्षांपासून माहिती होतं.

दिवाळीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी रिमोट तपासायला त्यालाच बोलावलं. खुर्चीत बसून डोळे मिटून एकेक रिमोट हातात धरत होता, मी गाडी मुद्दाम घसरवत होतो. दोन रिमोट त्याने बाजूला काढले. एकात टाका सैल निघाला. दुसऱ्यात मी सगळं उघडून बघितलं, मला काही सापडलं नाही, पण तो म्हणाला उजवा उशिरा बोलतो, म्हणून त्याच्यावर लाल टेप लावून ठेवलाय आणि स्पर्धेला काढत नाही.